हात टेकला आणि मोडला: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मनगट आणि कोपराखालचा हात यांच्या दुखापतींवर प्रश्न मागवले होते. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे निम्मी पत्रं शेवाळलेल्या पायऱ्या, ओल्या मोऱ्या आणि घसरलेल्या दुचाक्यांचीच आली. बहुतेकांनी एक्स-रेचा फोटो आठवणीनं पाठवला आहे. मूठ मिटते का, बोटांना स्पर्श कळतो का, हे मात्र क्वचितच कुणी लिहिलं. हाडाच्या डॉक्टरणीनं असं म्हणणं विचित्र वाटेल, पण मी फोटो नंतर बघते, आधी बोटं बघते. खालच्या उत्तरांत हे वारंवार येईल, कंटाळू नका. जागेअभावी पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न: परसदारी कपडे वाळत घालताना लादीवरून घसरले, डावा हात टेकला. मनगटावर उंचवटा आला होता. इथल्या डॉक्टरांनी भूल देऊन ओढून बसवलं आणि प्लॅस्टर घातलं. आता तीन आठवडे झाले. मुलगा पुण्याहून म्हणतो, एक्स-रेत अजून थोडं वाकडं दिसतंय, ऑपरेशन करून प्लेट टाकून घे. बोटं सुजलेली असतात म्हणून हात गळ्यात बांधून ठेवलाय, अजिबात हलवत नाही. (चिपळूण, वय ६४)

उत्तर: काकू, मुलाचं म्हणणं जरा बाजूला ठेवू. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात खटकलेलं वाक्य शेवटचं आहे. प्लॅस्टर मनगटाला घातलंय, बोटांना नाही. सूज आहे म्हणून तुम्ही बोटं हलवत नाही आणि बोटं हलत नाहीत म्हणून सूज उतरत नाही. आजपासून जागेपणी दर तासाला दहा वेळा पूर्ण मूठ मिटायची, पूर्ण उघडायची, अंगठ्याचं टोक करंगळीच्या मुळाशी न्यायचं. दुखेल. त्यानं हाड सरकत नाही. झोळी दिवसातून चार-पाचदा काढून हात डोक्यावर न्यायचा, कोपर वाकवायचं, सरळ करायचं. नाहीतर मनगट बरं होतं आणि खांदा आखडून बसतो, मग वेणी घालायलाही कुणीतरी लागतं. बसताना हात उशीवर, छातीपेक्षा वर. प्लॅस्टरची कड तळहातात बोटांच्या मुळापर्यंत आली असेल तर ती कापून मागे घ्यायला सांगा. कड तिथे असली की मूठ मिटतच नाही. आणि बोटांची कातडी चकचकीत झाली असेल, आग होत असेल, नुसता पदर लागला तरी कळ येत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. दुखापतीनंतर हात असा ‘रुसतो’ तेव्हा लवकर सुरू केलेल्या व्यायामाचा जितका उपयोग होतो तितका नंतर कशाचाच होत नाही.

आता प्लेट. तुमचं फ्रॅक्चर डब्लिनच्या अब्राहम कोलिस या सर्जननं १८१४ साली नीट वर्णन केलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये, म्हणजे कोलिसनं हे सगळं हाताला हात लावून ओळखलं. टेबलावरचा काटा पालथा ठेवला की जसा बाक दिसतो तसं मनगट दिसतं, ते याच फ्रॅक्चरमध्ये. त्यानं असंही लिहून ठेवलंय की हाताचा वाकडेपणा जन्मभर राहील, पण काही काळानं हात न दुखता पूर्ण हलू लागेल. आज आम्ही त्याच्यापेक्षा पुष्कळ सरळ बसवतो. तरी त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, विशेषतः साठी-पासष्टीपुढच्या माणसांच्या बाबतीत. या वयात प्लेट टाकलेले आणि नुसतं प्लॅस्टर घातलेले हात वर्षभरानं शेजारी ठेवले तर एक्स-रे प्लेटवाल्यांचा सुंदर असतो, कामात मात्र फारसा फरक दिसत नाही. ऑपरेशन करायचंच तरी प्लेटच हवी असंही नाही. ब्रिटनमध्ये १८ रुग्णालयांतल्या ४६१ रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना प्लेट, निम्म्यांना बाहेरून घातलेल्या साध्या तारा. वर्षअखेर दोघांचे हात सारखेच चालत होते.

हाड पुन्हा सरकायचं असेल तर बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सरकतं, म्हणून प्लॅस्टरनंतर आठवड्यानं एक्स-रे काढतात आणि प्लेटचा निर्णय तेव्हाच घ्यायचा असतो. तीन आठवड्यांत हाड धरू लागतं. तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: सांध्याच्या पृष्ठभागावर पायरी पडली आहे का, हाड मागच्या बाजूला १० अंशांपेक्षा जास्त झुकलंय का, आणि ते ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आखूड झालंय का. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर मुलाचं म्हणणं गंभीरपणे घ्या. बाकी दोन थोडी इकडेतिकडे असतील तर तुमच्या वयात मी त्या हाडाला हात लावणार नाही. करंगळीच्या बाजूचं हाड थोडं वर आलेलं दिसेल, ते दिसू द्या. अंगठा ते मधलं बोट बधिर होत असेल तर मात्र ते आजच सांगायचं.

आणि एक राहिलं, जे खरं तर मुलानं विचारायला हवं होतं. उभ्या माणसाचं मनगट नुसतं घसरून मोडलं, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता आहे. मनगट ही पहिली वर्दी असते. पुढची पाळी मणक्याची किंवा खुब्याची. प्लॅस्टर निघालं की डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या, रक्तातलं ड जीवनसत्त्व बघा. तुमच्या वयाला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं, कपभर दुधात २००च्या वर. आठवड्यातून एकदा घ्यायची हाडाची गोळी लिहून दिली, तर ती उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासुद्धा नंतर.

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा, झोपाळ्यावरून पडला. मनगटाजवळ हाडाला छोटा फुगवटा आलाय म्हणाले आणि काढता येणारा पट्टा दिला. सासूबाई म्हणतात, साधं प्लॅस्टरसुद्धा घातलं नाही, म्हणजे डॉक्टरांना कळलेलंच नाही. शेजारच्या गावातल्या हाडवैद्याकडून कामट्या बांधून आणू म्हणतात. त्यांना स्वतःला तिथे गुण आला होता. (बार्शी तालुका)

उत्तर: डॉक्टरांना अगदी बरोबर कळलंय. लहान मुलांचं हाड ओलं असतं. दाबलं गेलं की तुटत नाही, एका बाजूनं फुगतं. त्याला प्लॅस्टर लागत नाही. पट्टा तीन आठवडे, आंघोळीला काढला तरी चालतो. २०२२ मध्ये ब्रिटनमधून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात तर अशा मुलांना नुसतं मऊ बँडेज देऊन पाहिलं, तरी दुखण्यात फरक पडला नाही. मुलांच्या मनगटाचं आणखी एक नशीब असं की रेडियस या अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची बहुतेक वाढ मनगटाकडच्या टोकाला होते, म्हणून तिथला थोडा बाक वाढता वाढता आपोआप सरळ होतो. फक्त हाडाला पीळ पडला असेल तर तो सुटत नाही.

सासूबाईंना गुण आला हे मला खोटं वाटत नाही. पुष्कळ हाडं कुणी काही केलं नाही तरी जुळतात, आणि श्रेय त्या वेळी जो समोर असेल त्याला मिळतं. त्यांच्याशी वाद घालू नका. पण कामट्या नकोत, आणि का ते सविस्तर सांगते, कारण या एका गोष्टीनं गेलेले हात मी पाहिले आहेत.

कोपराखालचे स्नायू घट्ट आवरणांच्या कप्प्यांत असतात. दुखापतीनंतर आत सूज येते. बाहेरून कामट्या आवळल्या की सुजेला जागा उरत नाही, आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि साधारण सहा तासांनंतर स्नायू मरायला लागतात. मेलेला स्नायू आक्रसतो. बोटं कायमची तळहाताकडे ओढली जातात, हात पक्ष्याच्या पंज्यासारखा होतो. जर्मन सर्जन रिशार्ड फॉन फोल्कमान यानं १८८१ मध्ये याचं कारण आवळलेली बँडेजं असल्याचं लिहिलं, आणि आजही हे होतंच आहे. हाडवैद्यच करतो असं नाही. आमच्या घट्ट प्लॅस्टरखालीही होऊ शकतं.

ओळखायचं कसं? बांधल्यानंतर दुखणं कमी व्हायला हवं. ते वाढत गेलं, गोळीनं थांबेना, आणि मुलाची मिटलेली बोटं तुम्ही हळूच सरळ केल्यावर तो किंचाळला, तर तेवढं पुरे. बोटं गुलाबी आहेत, नाडी लागते, म्हणून थांबू नका. नाडी शेवटपर्यंत लागू शकते. अशा वेळी बँडेज, आतला कापूस, सगळं कातडीपर्यंत कापून मोकळं करायचं. हात छातीच्या पातळीला ठेवायचा, फार उंच टांगायचा नाही. आणि रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं. ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांनी या आजारात फार नुकसान केलंय.

प्रश्न: क्षेत्ररक्षण करताना उजव्या हातावर पडलो. त्याच दिवशी एक्स-रे काढला, नॉर्मल आला, मुका मार आहे म्हणाले. पाच आठवडे झाले, बॅट धरली की अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. स्प्रे मारून खेळतोय. (नाशिक, वय २१)

उत्तर: खेळणं आज थांबव. अंगठा ताठ वर कर. मनगटाशी दोन दोऱ्यांच्या मधे एक खळगा पडतो, तपकीर ओढणारे जिथे चिमूट ठेवत तो. तिथे दाबून बघ. कळ नेमकी तिथेच येत असेल तर आतलं स्कॅफॉइड हे काजूएवढं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ते कधीकधी दिसतच नाही. म्हणून अशा दुखण्याला ‘नॉर्मल’ न म्हणता हात बांधून ठेवायचा आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, किंवा सरळ एमआरआय करायचा, असा नियम आहे.

या हाडाला रक्त उलट्या दिशेनं येतं, बोटांकडच्या टोकातून मनगटाकडे. मधोमध मोडलं की मागचा तुकडा उपाशी पडतो. म्हणून ते सावकाश जुळतं, कधी जुळतच नाही, आणि न जुळलेलं स्कॅफॉइड काही वर्षांत सगळं मनगट झिजवतं. तिशी-पस्तिशीत असं मनगट घेऊन येणारी मुलं बघते तेव्हा चिडचिड होते, कारण बहुतेकांच्या कहाणीत हाच तुझा मुका मार असतो.

या आठवड्यात स्कॅफॉइडचे वेगळ्या कोनांतले एक्स-रे आणि गरज पडल्यास सीटी करून घे. तुकडे जागेवर असतील तर अजूनही प्लॅस्टरवर भागू शकतं, पण दोन ते तीन महिन्यांची तयारी ठेव. सरकले असतील तर बिनडोक्याचा बारीक स्क्रू घालतात. ऑस्ट्रेलियाच्या हर्बर्टनं तो आणला. दोन टोकांच्या आट्यांचं अंतर वेगळं असल्यामुळे फिरवत नेताना तुकडे एकमेकांवर दाबले जातात. आणि सिगारेट ओढत असशील तर ती आधी सोड. हाडाला आधीच रक्त कमी, त्यात निकोटिन नको.

प्रश्न: हाड मोडल्यावर आंबट, भात, केळं बंद करावं का? कांडवेलीची भजी खाल्ल्यानं हाड लवकर जुळतं का? (तिघींची पत्रं आहेत)

उत्तर: आंबटानं पू होत नाही. लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व हाड जुळायला लागतंच. भात खा, केळं खा. डाळ, अंडी, दूध वाढवा. कांडवेलीला माझी हरकत नाही, फक्त वाकडं बसलेलं हाड ती सरळ करणार नाही. जे खरोखर बंद करायचं ते कुणी विचारलेलं नाही: मिश्री. आमच्या भागात आज्या, काकू सकाळी मिश्री लावतात आणि ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ठामपणे ‘नाही’ म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हाड जुळेना म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी आता तंबाखूचं विचारतच नाही, थेट डबी दाखवा म्हणते.

प्रश्न: शाळेत शिकवते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा हात मोडलाय, मोरीत पडले म्हणतात. रिपोर्टमध्ये ‘अल्नाच्या मध्यभागी फ्रॅक्चर, रेडियस व्यवस्थित’ असं लिहिलंय. प्लॅस्टर किती दिवस लागेल? (पिंपरी)

उत्तर: हाड फार सरकलं नसेल तर सहा ते आठ आठवडे, आणि बहुधा ऑपरेशनशिवाय.

पण बाई, घसरून हात टेकल्यावर सहसा मनगट मोडतं. करंगळीच्या बाजूचं एकटं हाड मधोमध मोडतं ते थेट घाव बसल्यावर. तो कशाचाही असू शकतो, मोरीच्या कठड्याचाही. आणि काठी चुकवायला माणूस हात डोक्यावर आडवा धरतो तेव्हाही नेमका याच जागी बसतो. मी अशा वेळी नवऱ्याला, सासूला बाहेर बसवते आणि एकटीला विचारते. तुम्हीही विचारा, चारचौघांत नको. ‘नाही’ म्हणाल्या तर ओढून काढू नका. विचारलं गेलंय हे त्यांच्या लक्षात राहतं. ‘हो’ म्हणाल्या तर महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक द्या, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं हे सांगा. रुग्णालयाचे सगळे कागद त्यांच्याकडे नाही, तुमच्याकडे ठेवा.

प्रश्न: ऊसतोडीला गेलेल्या माझ्या भावाच्या मनगटावर कोयता बसला. तिथल्या दवाखान्यात टाके घातले, जखम भरली. दोन महिने झाले, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे, बोटं फाकत नाहीत, किल्ली फिरवता येत नाही. हळूहळू येईल म्हणतात. (वाळवा तालुका)

उत्तर: आपोआप येण्याची वाट बघू नका. करंगळीकडची अल्नर नस तुटलेली आहे असंच मी धरून चालेन. कातडी शिवली गेली, आतली नस राहिली. कोयत्याच्या घावात हे सहज सुटतं, कारण बोटं वाकवणारे दोर शाबूत असले की हात वरवर चालतो. म्हणून मनगटावरच्या कुठल्याही कापलेल्या जखमेत टाक्यांच्या आधी प्रत्येक बोटाचं टोक डोळे मिटून ओळखायला लावायचं असतं.

ताजी नस दोन टोकं जोडून शिवता येते. दोन महिन्यांत टोकं मागे सरकतात, तेव्हा पायातली एक संवेदनेची नस घेऊन मधे जोड द्यावा लागेल. जोडल्यावर ती रोज साधारण १ मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा, म्हणजे किती महिने लागतील ते तुम्हालाच कळेल. इतके महिने स्नायू वाट बघतात, पण कायम नाही. वर्ष-दीड वर्ष उलटलं की नस पोचूनही उपयोग होत नाही. तेव्हा नसेची तपासणी करून हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनकडे याच महिन्यात न्या. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा. तोवर चुलीजवळ, बिडी ओढताना त्या दोन बोटांवर नजर ठेवायला सांगा. भाजलेलं कळत नाही.

टोळीतल्या बाकीच्यांसाठी: घावावर हळद, चहापूड नको, सुतळीनं दंड आवळणं नको. स्वच्छ फडक्यानं जोरात दाबून धरायचं आणि हात वर. बोट किंवा पंजा तुटूनच पडला तर ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर तो गोठून वाया जातो.

प्रश्न: मनगटाचं साधं फ्रॅक्चर, प्लॅस्टर काढून महिना झाला, सगळं छान होतं. काल थालीपीठ थापताना अंगठा अचानक खाली पडला, वर उचलताच येत नाही. दुखत अजिबात नाही. पॅरालिसिस तर नाही? (बेळगाव, वय ५१)

उत्तर: नाही. अंगठा उचलणारा दोर मनगटामागच्या एका हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून जातो. फ्रॅक्चरनंतर तिथे तो घासून झिजतो आणि काही आठवड्यांनी गपकन तुटतो. गंमत म्हणजे हे जास्त करून न सरकलेल्या, ‘साध्या’ फ्रॅक्चरमध्येच घडतं. टोकं झिजलेली असल्यामुळे ती जोडता येत नाहीत; पहिल्या, म्हणजे अंगठ्याशेजारच्या बोटाला उचलणारे दोन दोर असतात, त्यातला एक अंगठ्याला देतात. छोटं ऑपरेशन आहे, काही ठिकाणी नुसता हात बधिर करूनही होतं. नंतर तीन-चार आठवडे पट्टा. पहिलं बोट पूर्वीसारखंच चालतं आणि थालीपीठ थापता येतं.

प्रश्न: हातातल्या दोन्ही प्लेट्स वर्षभरानं काढाव्याच लागतात ना? (सोलापूर)

उत्तर: नाही. त्रास नसेल तर राहू द्या. काढताना नसेला धक्का लागू शकतो, आणि काढल्यावर स्क्रूच्या भोकांतून हाड पुन्हा मोडू शकतं. मनगटाच्या प्लेटवर दोर घासत असेल, बोट वाकवताना करकर होत असेल, तर मात्र लवकर दाखवा. काढायच्याच असतील तर दीड-दोन वर्षांनी, आणि नंतर दोन महिने जड उचलणं बंद. एमआरआय सहसा करता येतो, आधी प्लेटचा कागद दाखवा.